लांबलेला पाऊस आणि घरातली कीड

एप्रिल-मे म्हणजे महाराष्ट्रात वर्षाचं धान्य भरण्याचे दिवस. गहू, ज्वारी, तांदूळ, तूरडाळ घरात येते. गच्चीवर किंवा अंगणात जुनी लुगडी, चादरी अंथरून धान्याला दोन-तीन कडक उन्हं दाखवायची, रात्रभर निवू द्यायचं, चाळून-पाखडून मग पिंपात किंवा कोठीत भरायचं. २०२५ च्या मे महिन्यात अनेक घरांना हे जमलं नाही. सकाळी ऊन पडायचं आणि दुपारी आभाळ भरून यायचं. कुरडयांचा चीक घालावा की नाही, हे आभाळाकडे बघून ठरवावं लागत होतं. अवकाळी पाऊस रेंगाळला आणि त्याला लागूनच मोसमी पाऊस आला. मुंबईत तो २६ मे रोजी दाखल झाला. एरवी तो ११ जूनच्या सुमारास पोचतो. त्याआधीच्या पंचाहत्तर वर्षांत तो मुंबईत इतक्या लवकर आला नव्हता.

शेतातल्या नुकसानीचे पंचनामे होतात, घरातल्या धान्याचे होत नाहीत. पण त्या मे महिन्यात अर्धवट वाळलेलं धान्य ज्यांनी डब्यात भरलं, त्यांना श्रावणात काय दिसलं असेल हे सांगायला पंचनामा लागत नाही.

घरातल्या किडींशी आपलं वागणं पिढ्यानपिढ्या ऋतूंवर बेतलेलं आहे. उन्हाळ्यात वाळवण, पावसाआधी पन्हळी आणि गच्ची साफ करणं, नवरात्र-दिवाळीच्या आधी माळे काढणं, गाद्या-पुस्तकांना ऑक्टोबरचं ऊन देणं, आणि मग थंडीचे दोन-अडीच महिने जरा उसंत. या प्रत्येक कामाची वेळ किडीच्या वाढीच्या वेळेशी जुळलेली होती. कीटकांना स्वतःच्या शरीराची ऊब राखता येत नाही. बाहेरच्या तापमानावरच त्यांची भूक, वाढ आणि वीण चालते. ऋतू सरकला की कीडही त्याच्याबरोबर सरकते. आपली कामं मात्र जुन्याच तारखांना होतात आणि राहिलेली फट आपण विषाने बुजवू पाहतो. ते विष आता पुरत नाही. प्रत्येक घराने आपापलं फवारून तर मुळीच पुरणार नाही. हे सांगण्यासाठीच हा लेख लिहितो आहे.

ऋतू किती सरकलेत याची सरकारी नोंद आहे. हवामान खात्याने २०२० मध्ये मोसमी पावसाच्या सरासरी तारखा नव्याने ठरवल्या. तेव्हा मुंबईतून पाऊस परतण्याची तारीख २९ सप्टेंबरवरून ८ ऑक्टोबरवर गेली. २०१९ ची दिवाळी 'क्यार' चक्रीवादळाच्या पावसात गेली, हे कोकणातल्या आणि मध्य महाराष्ट्रातल्या लोकांच्या चांगलं लक्षात असेल. १९०१ पासूनच्या नोंदींत २०२४ हे देशातलं सर्वांत उष्ण वर्ष ठरलं. १९९१ ते २०२० च्या सरासरीपेक्षा त्या वर्षीचं तापमान ०.६५ अंशांनी जास्त होतं. त्यातही दिवसापेक्षा रात्री अधिक तापल्या. घरातली बरीचशी कीड रात्री हिंडते, म्हणून ही नोंद मला सर्वांत महत्त्वाची वाटते. पूस-माघाच्या गार रात्री तिची वीण रोखून धरत होत्या. तो अटकाव ढिला पडतो आहे.

धान्यापासूनच सुरुवात करू. तांदळातला किंवा ज्वारीतला टोका सगळ्यांनी पाहिलेला असतो: तिळाएवढा, काळपट, पुढे बारीक सोंड. मादी त्या सोंडेने दाण्याला भोक पाडते, आत एक अंडं घालते आणि भोक चिकट स्रावाने बुजवून टाकते. अळी दाण्यातच वाढते, तिथेच कोषात जाते आणि दाणा पोकळ करून किडा बाहेर पडतो. म्हणजे डब्यात पहिला टोका दिसतो, तेव्हा पुढची पिढी दाण्यांच्या पोटात असते. पाखडून ती जात नाही. तीस अंशांच्या आसपास ऊब आणि दमट हवा मिळाली, तर अंड्यापासून किड्यापर्यंतचं सगळं महिनाभरात उरकतं. अठरा अंशांवर त्यालाच तीन महिन्यांहून अधिक लागतात. आणि दाण्यातली ओल नऊ-दहा टक्क्यांच्या खाली असेल, तर टोक्याची वीण जवळपास थांबते.

कडक उन्हाचं महत्त्व इथे आहे. ऊन दाण्यातली ओल काढतं, आणि पातळ पसरलेलं धान्य पन्नास अंशांपर्यंत तापलं तर आतली अळीही मरते. साठवणीच्या गव्हात बारा टक्क्यांहून जास्त ओल नसावी, असा दंडक आहे. पण सुकवून आणलेलं धान्य गोणीत किंवा सैल झाकणाच्या डब्यात ठेवलं, तर ते हवेतून पुन्हा ओल ओढून घेतं. हवेतली आर्द्रता सत्तर टक्क्यांवर टिकून राहिली की गहू हळूहळू तेरा-चौदा टक्क्यांवर जाऊन बसतो. पाऊस मेमध्ये सुरू होऊन ऑक्टोबरपर्यंत राहिला, तर धान्याला ओल धरायला पाच-सहा महिने मिळतात. पूर्वी चार मिळत होते. महिनाभरात एक पिढी या हिशेबाने ही वाढ किती पटींनी होते, ते ज्याचं त्याने मोजावं.

कडधान्याचं दुखणं वेगळं. त्यातला भुंगा शेतातूनच येतो. तुरीच्या, मुगाच्या, चवळीच्या शेंगेवर अंडी घातली जातात आणि दाण्यात दडून अळी घरी पोचते. साठवलेल्या मुगावर पांढरे ठिपके दिसले, तर ती अंडी समजावीत. आपल्याकडे अख्ख्या कडधान्याची डाळ करून ठेवायची आणि तिला एरंडेलाचा हात लावायचा, यामागे पक्का हिशेब आहे. फोडलेल्या डाळीत या भुंग्याचं फारसं जमत नाही, आणि तेलाच्या थराखाली अंड्याची हवा बंद होते. किलोला चहाचा चमचाभर तेल पुरतं. कृषी संशोधकांनी हा उपाय पुन्हा पुन्हा तपासला आहे आणि तो खरा ठरला आहे. माझ्या मते आजच्या हवेत याच्याइतका स्वस्त आणि निर्धोक उपाय दुसरा नाही. फ्लॅटच्या स्वयंपाकघरातून तो हरवू नये.

कोरड्या उष्णतेने तरी कीड मरत असेल, असं वाटेल. खापरा भुंगेरा या अपेक्षेला उतरत नाही. तो मूळचा भारतीय उपखंडाचाच. पस्तीस अंशांच्या आसपास तो सर्वांत जोमाने वाढतो. इतर किडींना न झेपणाऱ्या कोरड्या धान्यातही तो राहतो. परिस्थिती बिघडली की त्याच्या केसाळ अळ्या भिंतीच्या भेगेत आणि गोणीच्या शिवणीत वर्षानुवर्षं निपचित पडून राहतात. विदर्भ-मराठवाड्यातले उन्हाळे तापत गेले, तर फायदा याचा आहे. एका टोकाला ओल वाढते ती टोक्याला मानवते, दुसऱ्या टोकाला उष्णता वाढते ती खापऱ्याला.

कीड दिसली की घाईघाईत लोक गोळ्या आणतात, आणि इथे मला अगदी स्पष्ट लिहायचं आहे. धान्यात ठेवायच्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या हवेतल्या ओलीशी मिसळून फॉस्फिन वायू सोडतात. तो हवेपेक्षा जड असतो, दाराखालच्या फटीतून शेजारच्या खोलीत जातो, आणि त्यावर उतारा नाही. कायद्याने या गोळ्यांचा वापर सरकारी यंत्रणा आणि त्यांच्या देखरेखीखालच्या धुरीकरण करणाऱ्यांपुरता आहे. तरी त्या बाजारात सुट्या मिळतात. हवा दमट असेल तेव्हा वायू अधिक वेगाने सुटतो. म्हणजे पावसाळ्यात, दारं-खिडक्या बंद असताना, जेव्हा कीड वाढली म्हणून गोळी आणली जाते, नेमकी तेव्हाच ती सर्वांत घातक असते. झोपायच्या घरात ही गोळी येता कामा नये.

आता डास. एडिस इजिप्ती हा पायांवर पांढरे पट्टे असलेला, दिवसा चावणारा डास पुरता घरगुती आहे. त्याला गटार लागत नाही, स्वच्छ साठलेलं पाणी लागतं. पिंप, रांजण, फ्रीजमागचा ट्रे, मनी प्लँटची बाटली, तुळशीच्या कुंडीखालची थाळी, गच्चीवरचा टायर. सर्वेक्षणाला आलेला आरोग्य सेवक पिंपातल्या पाण्यावर बॅटरीचा झोत मारतो आणि थांबतो. अळ्या उजेडाला बुजून वळवळत तळाकडे जातात आणि थोड्या वेळाने श्वास घ्यायला वर येतात. वर आल्यावर त्या कशा टेकतात, त्यावरून जात कळते. पाण्याला समांतर आडवी पसरली ती हिवतापाच्या ॲनाफिलीसची. शेपटाकडची नळी वर लावून, डोकं खाली करून तिरपी लटकली ती एडिसची किंवा क्युलेक्सची. मग नोंद होते: किती घरं, किती भांडी, त्यातली दूषित किती. भांडं ओतता येत असेल तर ओततात, नसेल तर त्यात टेमीफॉस हे अळीनाशक सोडतात किंवा मोठ्या हौदात गप्पी मासे.

या कामात एक बारकावा नेहमी निसटतो. एडिसची मादी अंडी पाण्यावर सोडत नाही. ती पाण्याच्या रेषेच्या जरा वर, भांड्याच्या ओलसर भिंतीला चिकटवते. पाणी ओतून दिलं तरी अंडी भिंतीलाच राहतात, सुकली तरी कित्येक महिने जिवंत राहतात आणि पुन्हा पाणी भरलं की फुटतात. म्हणून आठवड्याचा कोरडा दिवस म्हणजे नुसतं भांडं पालथं करणं नव्हे. आतून काथ्याने घासून काढणं हा त्यातला खरा भाग आहे. अंड्यातून डास बाहेर पडायला आठ-दहा दिवस पुरतात, त्यामुळे आठवडा चुकवून चालत नाही. उष्ण दिवसांत तर हे दिवस आणखी कमी होतात.

उष्णतेचा आणखी एक परिणाम डासाच्या पोटात होतो. रुग्णाला चावलेली मादी लगेच रोग देऊ शकत नाही. विषाणू तिच्या शरीरात वाढून लाळेपर्यंत पोचावा लागतो. डेंगीच्या विषाणूला त्यासाठी २५ अंशांवर सरासरी १५ दिवस लागतात. मादीचं आयुष्यच दोन-तीन आठवड्यांचं असल्याने पुष्कळशा माद्या रोग पसरवण्याआधीच मरतात. ३० अंशांवर मात्र हे काम सरासरी साडेसहा दिवसांत होतं. तापमान पाच अंशांनी वाढलं की तेवढेच डास कितीतरी जास्त माणसांना आजारी पाडू शकतात, ते यामुळे. २०२३ मध्ये देशात डेंगीचे २ लाख ८९ हजारांहून अधिक रुग्ण नोंदले गेले.

पुण्याच्या पाषाणमधल्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत सोफिया याकूब आणि रॉक्सी मॅथ्यू कोल यांनी पुण्यातल्याच डेंगीचा हवामानाशी संबंध तपासला. जानेवारी २०२५ मध्ये त्यांचं संशोधन प्रसिद्ध झालं. जून ते सप्टेंबरमध्ये २७ अंशांवरचं तापमान, ६० ते ७८ टक्के आर्द्रता आणि हंगामभर सारखा पडणारा मध्यम पाऊस हे तीन घटक एकत्र आले की पुण्यात डेंगी वाढते. उलट, आठवड्यात १५० मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळला तर अंडी-अळ्या वाहून जातात आणि रोग कमी होतो. याच हिशेबाने पुण्यातले डेंगीचे मृत्यू २०४० पर्यंत १३ टक्क्यांनी, शतकाच्या मध्यापर्यंत २३ ते ४० टक्क्यांनी आणि शतकाच्या अखेरीस ३० ते ११२ टक्क्यांनी वाढू शकतात, असा त्यांचा अंदाज आहे. शेवटच्या आकड्यातलं अंतर मोठं आहे, कारण जग किती प्रदूषण करत राहील यावर ते ठरणार आहे. हा डास फक्त डेंगीचा नाही, हेही पुणे जिल्ह्याने पाहिलं आहे. राज्यातला झिकाचा पहिला रुग्ण २०२१ मध्ये पुरंदर तालुक्यातल्या बेलसरला सापडला, आणि २०२४ च्या पावसाळ्यात पुणे शहरात झिका पसरला तेव्हा बाधितांमध्ये गरोदर स्त्रियाही होत्या.

पाऊस वाढला की डास वाढतात, एवढंच धरून चाललं तर मराठवाडा समजणार नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी न्यावं लागलं. नळाला पाणी आठ-दहा दिवसांनी येणार असेल, तर माणूस घरातलं प्रत्येक पिंप, टाकी, घागर भरून ठेवणारच. तेच पाणी एडिसला दहा दिवस हलवल्याशिवाय मिळतं. तिथल्या बाईला आठवड्यातून एकदा भांडी कोरडी करा असं सांगणं अन्यायाचं आहे. ते पाणी तिने ओतायचं कुठे? नियमित पाणीपुरवठा हा तिथला डासांवरचा पहिला उपाय आहे, आणि तो तिच्या हातात नाही. झाकण आणि कापडाची घट्ट बांधणी एवढंच तिला शक्य आहे.

विदर्भाची गत आणखी वेगळी. बाहेर ४५ अंश असताना डास तगत नाही, तो उष्णतेने मरतो. पण अकोला-नागपूरच्या घरात कूलर चालू असतो. खोली गार, हवा दमट आणि कूलरच्या टाकीत पाणी. बाहेरचा उन्हाळा डासाला परवडत नाही, त्याला माणसाने घरात मानवेल असा कोपरा करून दिला. उन्हाळे तापतील तसे कूलर वाढतील आणि लवकर लागतील. कूलरची टाकी आठवड्याला रिकामी करून, आतली गवताची जाळी उन्हात टाकून घासायची, हे काम म्हणूनच पावसाळ्याचं नसून मार्चपासूनचं आहे.

मुंबईत हिवतापाचा शहरी डास, ॲनाफिलीस स्टिफेन्सी, विहिरी आणि टाक्यांमध्ये वाढतो हे शंभरहून अधिक वर्षांपूर्वी ठाऊक झालं होतं. १९११ मध्ये चार्ल्स बेंटली यांनी मुंबईतल्या हिवतापावर अहवाल दिला. त्यानंतर शहरातल्या विहिरी बुजवण्या-झाकण्यावरून बरेच वाद झाले. १८८८ च्या मुंबई महानगरपालिका कायद्याखाली आजही डासांना थारा देणाऱ्या इमारतींना नोटिसा निघतात. टाकीला घट्ट झाकण हवं, तपासायला शिडी हवी. बेंटली यांचा काळ कीटकनाशकांचा नव्हता, म्हणून लोकांनी पाण्याचा विचार केला. मुंबईच्या या अनुभवाची किंमत आता जगाला कळते आहे, कारण दक्षिण आशियातला हाच डास २०१२ मध्ये जिबुतीत आणि पुढे इथिओपियात सापडला आणि आफ्रिकेच्या शहरांत पसरतो आहे.

आपण मात्र त्या विचारापासून लांब आलो. साथ आली की गल्लीगल्लीतून मागणी होते ती धूर फवारणीची. धूर दिसतो, आवाज होतो, कोणीतरी काहीतरी करतंय असं वाटतं. त्याने त्या घटकेला उडणारे डास मरतात, पिंपातल्या अळ्यांना काहीही होत नाही, आणि दोन-चार दिवसांत नवे डास उडायला लागतात. रुग्ण सापडलेल्या घराभोवती धुराचा उपयोग आहे. दर आठवड्याला रस्त्यावरून गाडी फिरवण्यात पैसा जातो. नगरसेवकाकडे धुराची मागणी करण्याऐवजी आपल्या वॉर्डात किती भांडी दूषित निघाली हा आकडा मागितला, तर फरक पडेल.

औषधांच्या बाजूनेही हवा आपल्या विरोधात चालली आहे. घरगुती स्प्रे, कॉइल, खडू यांत बहुतेक पायरेथ्रॉइड गटातली रसायनं असतात. या गटातली बरीच औषधं गारव्यात जास्त मारक ठरतात आणि तापमान वाढेल तशी मंदावतात. ऊन आणि ओल दोन्हींमुळे फवारलेल्या औषधाचा थर लवकर निकामी होतो. मग मात्रा वाढते, फेऱ्या वाढतात, आणि जे किडे वाचतात ते औषधाला दाद न देणारे असतात. जुनं डायक्लोरव्हॉस, ज्याला लोक 'नुवान' या नावाने ओळखत, ते देशात २०२० च्या अखेरीपासून बंद झालं. ते बंद व्हायलाच हवं होतं. स्वयंपाकघरात वर्षानुवर्षं ते मारलं जात होतं, हे आठवलं तरी अंगावर काटा येतो.

झुरळांकडे पाहा. ट्रॉलीच्या बिजागरीत आणि मिक्सरच्या खाली राहणारं लहान, तपकिरी झुरळ जर्मन म्हणून ओळखलं जातं. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासानुसार ते सुमारे २१०० वर्षांपूर्वी भारत-म्यानमारच्या भागात आशियाई झुरळापासून निपजलं आणि व्यापाराच्या, सैन्याच्या वाटांनी युरोपात गेलं. मादी तीस-चाळीस अंड्यांची पेटी फुटेपर्यंत पोटाशी बाळगून हिंडते, म्हणून वरून मारलेला स्प्रे अंड्यांपर्यंत नीट पोचत नाही. तीस अंशांवर त्याची पिढी दोन महिन्यांच्या आत तयार होते. गार हवेत हाच काळ जवळपास दुप्पट होतो. विषारी जेलचा उपाय त्यातल्या त्यात बरा: बाजरीच्या दाण्याएवढे ठिपके फटीत, बिजागरीत, सिंकच्या खाली. खाऊन मेलेल्या झुरळाची विष्ठा आणि मढं इतर झुरळं खातात, तीही मरतात. पण जेलच्या आसपास स्प्रे मारला तर झुरळं तिकडे फिरकत नाहीत आणि दोन्ही वाया जातं. जेललाही मर्यादा आहे. गोडाची चव टाळणारी झुरळं अमेरिकेत १९९० च्या दशकातच सापडली होती. वाढलेल्या उष्णतेत पिढ्या भराभर निघतात, म्हणजे असे बदलही भराभर पक्के होतात. रात्री सिंक कोरडं पुसणं आणि गळका नळ दुरुस्त करणं याला कोणतंही झुरळ सरावत नाही. पाण्याशिवाय ते फार दिवस काढू शकत नाही.

मोठी, लालसर, उडणारी झुरळं ड्रेनेजच्या चेंबरमधून येतात. चेंबर पावसाने तुडुंब भरला की ती वर चढतात. त्यासाठी स्वयंपाकघरात औषध मारणं म्हणजे चुकीच्या ठिकाणी पैसे घालणं. मोरीच्या जाळ्या आणि सोसायटीच्या चेंबरची झाकणं बसवली तर ती थांबतात. सेप्टिक टँकच्या व्हेंट पाइपला जाळी बांधा, हे आरोग्य खातं वर्षानुवर्षं गावोगाव सांगतं आहे. हत्तीरोगाचा क्युलेक्स तिथेच वाढतो. दहा-वीस रुपयांच्या जाळीचं हे काम अजून कितीतरी घरांत झालेलं नाही.

वाळवीविषयी एकच अभ्यास सांगतो. सहा खंडांतल्या १३३ ठिकाणी लाकडाचे तुकडे ठेवून ते कसे कुजतात हे संशोधकांनी पाहिलं आणि २०२२ मध्ये निष्कर्ष मांडले. तापमान दहा अंशांनी वाढलं की वाळवीचं लाकूड फस्त करणं ६.८ पटींहून अधिक वाढतं. बुरशी-जिवाणूंचं कुजवणं तेवढ्याच वाढीत दुप्पटही होत नाही. जंगलात वाळवी मोलाचं काम करते, तिला शत्रू म्हणणं बरोबर नाही. पण कोकणातल्या चिऱ्याच्या घराचा वासा आणि शहरातल्या फ्लॅटची चौकट तिला सारखीच. तिला हवी असते ओल: पाझरणारी गच्ची, भिंतीतला गळका पाइप, पायाशी साचणारं पाणी. बांधकामाआधी पायात औषध घालण्याचं भारतीय मानक आहे, आयएस ६३१३. घर घेताना ते काम झालं का, हे विचारणारे फार थोडे भेटतात. नंतर भिंतीच्या कडेला भोकं पाडून औषध सोडण्यापेक्षा ते कितीतरी स्वस्त पडतं.

आणि उंदीर-घुशी. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. घरात उंदीर पडू लागले की घर सोडायचं, हे त्या पिढीने जिवाच्या भीतीने शिकून घेतलं. आज मुंबईत भीती लेप्टोची, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसची आहे. ढगफुटीसारख्या पावसात गटारं भरतात, घुशी बिळं सोडून वर येतात, त्यांच्या मूत्रातले जंतू साचलेल्या पाण्यात मिसळतात आणि पायाच्या भेगेतून शरीरात जातात. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, आणि पुढच्या काही आठवड्यांत लेप्टोचे रुग्ण वाढले. तेव्हापासून पाण्यातून चालत आलेल्यांनी २४ ते ७२ तासांत डॉक्टरांच्या सल्ल्याने प्रतिबंधक औषध घ्यावं, असं महापालिका दर पावसाळ्यात सांगते. उंदरांसाठी मुंबईत रात्रपाळीचे मूषक संहारक आहेत. एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात काठी, आणि रात्रीला तीस उंदीर मारण्याचं बंधन. हे काम करणाऱ्या माणसांविषयी मला आदर आहे. पण उकिरडा उघडा राहिला आणि उंदराला वर्षभर खायला मिळालं, तर काठी किती पुरणार?

सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात आणि सोलापूर जिल्ह्यात सीना नदीला पूर आला, तेव्हा हे सगळे प्रश्न एकाच घरात शिरले. कोरड्या हवेसाठी बांधलेल्या घरांत पाणी भरलं, धान्य भिजलं, मातीच्या भिंती महिनोन्‌महिने ओल धरून राहण्याची वेळ आली. अशा घरात टोके, वाळवी, डास, उंदीर एकामागोमाग येतात. मदतीच्या किटमध्ये धान्य असतं. ते कोरडं ठेवायला हवाबंद डबा नसतो. तो असायला हवा.

घरी करायची कामं साधी आहेत आणि बहुतेकांना माहीतही आहेत. मेचं ऊन हुलकावणी देत असेल, तर धान्य वर्षाचं न भरता तीन-चार महिन्यांचं भरावं, आणि ऊन सापडेल त्या आठवड्यात, मग तो मार्चमधला असला तरी, वाळवून हवाबंद डब्यात ठेवावं. पेस्ट कंट्रोलवाला आला तर त्याचा परवाना पाहावा आणि औषधाचं नाव लिहून घ्यावं. १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली परवाना सक्तीचा आहे, आणि 'हर्बल' म्हटल्याने औषध निर्धोक होत नाही.

घराबाहेरचं काम मोठं आहे. पुण्याच्या संशोधनातून डेंगीचा इशारा दोन महिने आधी देता येईल, असं संशोधकांचं म्हणणं आहे. पावसाची आणि तापमानाची आकडेवारी हवामान खात्याकडे आहे, रुग्णांची आरोग्य खात्याकडे. दोन्ही वॉर्डनिहाय आणि वेळेवर एकत्र आल्या, तर मेमध्येच कळेल की जुलैत कोणत्या भागात माणसं पाठवायची. पण पाठवायला माणसं हवीत. आपल्या राज्यात आरोग्य सेवकांच्या भरतीत हंगामी फवारणी कर्मचाऱ्यांसाठी जागा राखीव असतात, आणि त्यासाठी अट असते हंगामी कामाच्या नव्वद दिवसांच्या अनुभवाची. या अटीवरून पाहिलं, तर सरकारच्या लेखी डासांचा हंगाम साधारण तेवढाच आहे. २०२५ मध्ये मेच्या पावसापासून ऑक्टोबरपर्यंतचे दिवस मोजले, तर तो त्याच्या जवळपास दुप्पट होतो. तेव्हा या माणसांची नेमणूक एप्रिलपासून नोव्हेंबरपर्यंत हवी, पगार तेवढ्या महिन्यांचा हवा, आणि एप्रिलमधलं त्यांचं पहिलं काम फवारणीचं नको. गच्च्या, टाक्यांची झाकणं, कूलर आणि व्हेंट पाइप तपासून होईपर्यंत फवारणीचा पंप बाहेर काढायची गरज नाही.